एथिक्स आणि लॉ: बीएस्सी नर्सिंगवाल्यांनो, हा विषय उलट्या क्रमाने करणं बंद करा

दर सेमिस्टरला तेच. परीक्षेला चार दिवस उरले की मेसेज येतो, "ताई, एथिक्सचं शॉर्टमध्ये काही आहे का, पीडीएफ वगैरे?" मी पाठवत नाही, त्यांना राग येतो, मग रविवारी कोपरखैरण्याला माझ्या घरी चारपाच जणी (आणि एक मुलगा) वह्या घेऊन येतात आणि त्या वह्यांमध्ये मला दरवेळी हेच दिसतं: पहिल्या पानावर व्याख्या, मग कायद्यांची यादी सालासकट, मग चार तत्त्वं, आणि वॉर्डातली एकही केस नाही. सगळं पाठ असतं. पण "पेशंट सही करायला नाही म्हणतोय, आता तू काय करशील" असं विचारलं की पंखा बघायला लागतात.

मी नवी मुंबईत स्टाफ नर्स आहे, शिकवणं माझं काम नाही, पण या मुलींची उत्तरं तपासून तपासून एवढं कळलंय की विषय अवघड नाहीये, क्रम चुकतो. आधी वॉर्डातला प्रसंग, मग त्यावर कायदा, मग नीती, मग "मी नर्स म्हणून नक्की काय करणार", आणि व्याख्या सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत, मधली पायरी गाळू नका.

## पायरी ०: बसायच्या आधी काय जमवायचं

आपल्याकडे एमयूएचएसच्या (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या) कॉलेजांना आयएनसीचा (इंडियन नर्सिंग काउन्सिलचा) २०२१ चा सुधारित सेमिस्टर सिलॅबस आहे. त्यात प्रोफेशनलिझम, व्हॅल्यूज आणि एथिक्स चौथ्या सेमिस्टरला येतो, आणि फॉरेन्सिक नर्सिंग अँड इंडियन लॉज पाचव्याला. दोन्ही एकेक क्रेडिटचे, वीस-वीस तासांचे. तास कमी म्हणून सगळे हलक्यात घेतात आणि दोन विषय वेगळे समजून दोन वेगळ्या वह्या करतात. एकच वही करा. डाव्या पानावर एथिक्स, उजव्या पानावर लॉ, दोन्हीच्या डोक्यावर एकच प्रसंग. पाचव्या सेमिस्टरला उजवं पान भराल तेव्हा कळेल की अर्धा अभ्यास आधीच झालेला आहे.

लागणाऱ्या गोष्टी:

१. सिलॅबसची प्रिंट, मोबाइलवर नाही, कागदावर, टिक करायला.
२. इंडिया कोड या सरकारी साइटवरून कायद्यांचा मूळ मजकूर. पूर्ण कायदा वाचायचा नाही, आपल्याला लागतात ती कलमं फक्त.
३. आयएनसीचा कोड ऑफ एथिक्स आणि आयसीएनचा (इंटरनॅशनल काउन्सिल ऑफ नर्सेसचा) २०२१ चा सुधारित कोड. दोन्ही छोटे आहेत, एका बैठकीत होतात.
४. तुमच्या पोस्टिंगच्या हॉस्पिटलचा कोरा कन्सेंट (संमती) फॉर्म. इंचार्ज सिस्टरना विचारून घ्या, गुपचूप फोटो काढू नका, आणि भरलेल्या फॉर्मचा तर अजिबातच नाही.

आधी हे चेक करा: तुमचं गाइड किंवा सिनियरच्या नोट्स १ जुलै २०२४ च्या आधीच्या आहेत का? त्या दिवसापासून आयपीसी (भारतीय दंड संहिता) गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. अजूनही निम्म्या उत्तरांत "कलम ३०४अ" येतं. वहीच्या पहिल्याच पानावर जुना नंबर आणि नवा नंबर असं लिहून ठेवा: निष्काळजीपणाने मृत्यू, ३०४अ चं १०६. संमती नसताना भल्यासाठी केलेलं काम, ९२ चं ३०. संमती कधी ग्राह्य नाही, ९० चं २८. कोंडून ठेवणं, ३४० चं १२७. बदनामी, ४९९ चं ३५६. पीडितेवर उपचार नाकारणं, १६६बी चं २००. एवढे सहा पाठ करा, बाकीचे लागतील तसे.

## पायरी १: कोण कोणाला विचारणार, हे आधी ठरवा

इथे फार वेळ घालवू नका, पण गोंधळ इथेच सुरू होतो. आयएनसी शिक्षणाचा दर्जा ठरवते, १९४७ च्या कायद्याने. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा संसदेत पास झाला, हे वाक्य उत्तरात पाहिजेच. महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिल म्हणजे तुमचं रजिस्ट्रेशन, १९६६ च्या महाराष्ट्र नर्सेस अॅक्टखाली. विद्यापीठ परीक्षा घेतं आणि डिग्री देतं. डिग्री हातात आहे आणि रजिस्ट्रेशन नाही तर तुम्ही नर्स म्हणून काम करू शकत नाही, आणि हे व्हायवाला हमखास विचारतात.

चूक झाली तर विचारणारे चार जण असतात: काउन्सिल (नाव रजिस्टरमधून काढू शकते), ग्राहक आयोग (भरपाई), फौजदारी कोर्ट (शिक्षा), आणि तुमचं हॉस्पिटल (नोकरी). एकाच चुकीसाठी चौघेही विचारू शकतात. "नर्सवर काय कारवाई होईल" असा प्रश्न आला की या चार खान्यांत उत्तर पाडा. बहुतेक जणी फक्त "तुरुंगवास" लिहून मोकळ्या होतात.

## पायरी २: वॉर्डातून दहा प्रसंग आणा

पुस्तक बंद ठेवायचं. पोस्टिंगवर असताना रोज एक प्रसंग लिहायचा, पाच ओळींत, नाव नाही, बेड नंबर नाही, हॉस्पिटल नाही. "बाई, वय साठ-पासष्ट, ऑपरेशन उद्या, सही मुलाने केली." एवढंच. दोन आठवड्यांत दहा जमतात. मोठ्ठं काही घडायची वाट बघू नका, रोजच्या कामातच सगळं असतं: पडदा न ओढता केलेलं कॅथेटर, नातेवाइकांच्या सांगण्यावरून पेशंटपासून लपवलेलं निदान, बांधलेले हात, चुकलेला डोस जो कोणी कळवला नाही.

सावधान: हे लिखाण व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. वहीतच ठेवा.

## पायरी ३: कन्सेंट, इथे थांबून नीट करा

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात आणि सगळ्यात जास्त भानगडीही इथेच होतात, म्हणून हा भाग मी लांबवणार आहे.

एक प्रसंग सांगते, कुठला ते सोडा. संध्याकाळची ड्युटी, उद्या सकाळी आजींचं ऑपरेशन, सर राउंड घेऊन जाताजाता म्हणाले, "सिस्टर, सही घेऊन ठेवा." मुलगा बाहेर उभाच होता, त्याने पेन काढलं, त्याला ठाण्याला परत जायचं होतं, ट्रेनची घाई. मी फॉर्म घेऊन आजींकडे गेले तर त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "काय कापणारेत गं माझं?" फॉर्मवर ऑपरेशनचं नाव इंग्रजीत होतं, खाली मुलाची सही तयार, आणि ज्या बाईचं पोट उघडणार तिला आपलं काय कापणार हेच माहीत नाही. मी सरांना फोन केला, ते वैतागले, पण परत आले, दहा मिनिटं बसून आजींना मराठीत समजावलं, मग आजींनी अंगठा दिला आणि मी साक्षीदार म्हणून सही केली. यात मी मोठं काही केलं नाही, नर्सचं काम तेवढंच आहे, पण परीक्षेत हेच लिहायचं असतं आणि कोणी लिहीत नाही.

आता याचे तुकडे पाडू.

समजावून सांगणं हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं काम. नर्स साक्षीदार. सही याच माणसाची आहे, तो शुद्धीत होता, जबरदस्ती नव्हती, एवढ्याची ती साक्ष. धोके आणि पर्याय तुम्ही समजावायला बसलात तर तुमच्या कक्षेबाहेर गेलात. पेशंटला कळलेलं नाही असं दिसलं तर डॉक्टरला परत बोलवायचं आणि नोट्समध्ये तसं लिहायचं.

शुद्धीतला, समजणारा प्रौढ माणूस असेल तर सही त्याचीच. मुलाची नाही, नवऱ्याची नाही, आईचीही नाही. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा समीरा कोहली निकाल यावरच आहे: तपासणीसाठी दुर्बीण घालायची संमती होती, पेशंट भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. कोर्टाने सांगितलं, ही संमती चालत नाही, जीवाला तातडीचा धोका नव्हता, पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. हा एक निकाल तीन वाक्यांत लिहिता आला तर कन्सेंटच्या कुठल्याही प्रश्नाला पुरतो.

गर्भपाताचं तर विचारूच नका. दहातल्या आठ वह्यांत "पतीची संमती आवश्यक". एमटीपी कायदा १९७१ चा, २०२१ ला सुधारला, आणि त्यात प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याचा उल्लेखच नाही. पालकाची लेखी संमती लागते ती १८ खालच्या मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. मुदतही तिथेच पाठ करा: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ मध्ये ठरावीक गटातल्या स्त्रियांसाठी दोघांचं, त्यापुढे गर्भात मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्ड.

वयाचा अजून एक घोळ. न्याय संहितेच्या २७ आणि २८ कलमात १२ वर्षं दिसतील आणि मुली लिहून येतात की तेरा वर्षांचा मुलगा ऑपरेशनला सही करू शकतो. ती कलमं फौजदारी गुन्ह्याच्या संदर्भातली आहेत. हॉस्पिटलमध्ये १८ खाली पालकांचीच सही घेतात. उत्तरात दोन्ही लिहा, फरकासकट.

इमर्जन्सीत कोणीच नसेल तर? कलम ३०: माणसाच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूने, संमती देण्याच्या स्थितीत तो नाही आणि पालक वेळेत मिळत नाही, तर उपचार करता येतात. आणि १९८९ चा परमानंद कटारा निकाल: आधी जीव वाचवा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) आहे म्हणून थांबायचं नाही.

चेक: तुमच्या दहा प्रसंगांपैकी निदान तीन कन्सेंटचे असतीलच. प्रत्येकाखाली लिहा: सही कोणाची हवी होती, समजावलं कोणी, साक्ष कोणाची. तिन्ही उत्तरं चटकन आली तर पुढे चला.

## पायरी ४: कायद्यांची कार्डं करा, यादी नको

प्रत्येक कायद्याला एक कार्ड, त्यावर चारच ओळी: कोणाला लागू, नर्सने काय करायचं, काय करायचं नाही, नाही केलं तर काय. सालं मागच्या बाजूला. काही कार्डं मी इथेच देते, बाकीची तुम्ही करा.

पॉक्सो, २०१२: १८ खालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर कळवणं सक्तीचं, कलम १९, पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला. हे "कोणीही" व्यक्तीला लागू आहे, म्हणजे नर्सलाही. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. इथली नेहमीची चूक म्हणजे लेबर रूममध्ये सतरा वर्षांची मुलगी आली, गळ्यात मंगळसूत्र आहे, म्हणून प्रश्न मिटला असं समजणं. मिटत नाही. आणि २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने एक भर घातली: अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. कळवायचं आहेच, फक्त नाव वगळता येतं. हे लिहिलं की तपासणारा मान वर करून बघतो.

मेंटल हेल्थकेअर अॅक्ट, २०१७: हात बांधायचे तर दुसरा कुठलाही मार्ग उरलेला नसेल, लगेच इजा होण्याचा धोका असेल आणि सायकियाट्रिस्टची परवानगी असेल तेव्हाच. साखळी कधीच नाही. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी (विजेचा शॉक) नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, गुन्हेगार म्हणून वागवायचं नाही. कॅज्युअल्टीत "ड्रामा करतोय" म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे कार्ड वाचायला दिलं पाहिजे, असो.

ग्राहक संरक्षण, २०१९: १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार आहेत तिथे नाही. हॉस्पिटलने "नर्सची चूक" म्हणून हात झटकले तरी मालक आपल्या नोकराच्या चुकीला जबाबदार असतो, यालाच व्हायकेरियस लायबिलिटी म्हणतात. त्याने नर्स सुटत नाही, हॉस्पिटलही सोबत अडकतं एवढंच.

न्याय संहिता, कलम १०६: हे कार्ड लाल पेनाने करा. निष्काळजीपणाने मृत्यू, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. उपचार करताना रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनरकडून झालं तर दोन वर्षांपर्यंत. आता खालचं स्पष्टीकरण वाचा: रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर म्हणजे ज्याचं नाव नॅशनल किंवा स्टेट मेडिकल रजिस्टरमध्ये आहे तो. आपलं नाव नर्सिंग काउन्सिलच्या रजिस्टरमध्ये असतं. म्हणजे कलमाचे शब्द जसे आहेत तसे वाचले तर दोन वर्षांची सवलत नर्सला मिळत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण वाटण्याने कलम बदलत नाही. याच्याच शेजारी २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल लिहा: साधी चूक गुन्हा नाही, फौजदारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ, अगदी उघड हवा.

पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) १९९४, अवयव प्रत्यारोपण १९९४, बायोमेडिकल वेस्ट नियम २०१६: यांची कार्डं एका संध्याकाळी होतात.

सावधान: असॉल्ट म्हणजे धमकी आणि बॅटरी म्हणजे संमतीशिवाय हात लावणं, हे पुस्तकात असतं आणि बरोबरच आहे, पण ते दिवाणी कायद्याचे, टॉर्टचे शब्द आहेत. न्याय संहितेत "बॅटरी" शोधू नका, सापडणार नाही. "गप्प झोपा, नाहीतर सुई टोचेन" हा असॉल्ट, नाही म्हणत असताना टोचली तर बॅटरी, आणि बिल भरलं नाही म्हणून वॉर्डाच्या दारात अडवलं तर कोंडून ठेवणं.

## पायरी ५: एक केस पूर्ण सोडवा

आता डावं पान आणि उजवं पान एकत्र येतात. मी मुलींना नेहमी हीच केस देते कारण यात सगळे आपटतात.

महापे एमआयडीसीत काम करणारा, चाळिशीतला माणूस. एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला. रात्री ड्रेसिंग करताना तुम्हाला म्हणतो, "सिस्टर, बायकोला सांगू नका, घर मोडेल." सकाळी बायको डबा घेऊन येते आणि विचारते, "ह्यांना नक्की झालंय काय?"

पहिला टप्पा, माहीत काय आहे आणि काय नाही ते लिहा. बायकोची तपासणी झाली आहे का? समुपदेशन झालंय का? डॉक्टरला त्याचं हे म्हणणं माहीत आहे का?

दुसरा टप्पा, कायदा. इथे मुली थेट नीतीवर उडी मारतात आणि "बायकोचा जीव वाचवण्यासाठी सांगेन" लिहितात. थांबा. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७, कलम ९: जोडीदाराला सांगायचा अधिकार फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकाला. इतर कोणत्याही आरोग्य कर्मचाऱ्याला नाही, म्हणजे नर्सला नाही. आणि डॉक्टरलाही लगेच नाही: जोडीदाराला खरा धोका आहे असं वाटायला हवं, पेशंटला स्वतः सांगण्यासाठी समजावून झालेलं हवं, तो सांगणार नाही अशी खात्री पटायला हवी, आपण सांगणार आहोत हे त्याला कळवायला हवं, आणि मग समोरासमोर, समुपदेशनासकट. पेशंट स्त्री असेल आणि सांगितल्याने तिला मारहाण होण्याची भीती असेल तर याची वेगळी तरतूद आहे, तीही बघा.

तिसरा टप्पा, नीती. ऑटोनॉमी म्हणजे स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क आणि गोपनीयता त्याच्या बाजूला, नॉन-मॅलेफिसन्स म्हणजे अपाय होऊ न देणं बायकोच्या बाजूला. भांडण आहे हे लिहा. एकच बाजू लिहिली की मार्क अर्धे.

चौथा टप्पा, मी काय करणार. बायकोला खोटं बोलणार नाही आणि सांगणारही नाही: "ताई, तब्येतीचं सगळं डॉक्टरच सांगतील, मी त्यांची भेट घालून देते." पेशंटशी एकांतात बोलणार, तुम्हीच सांगितलंत तर बरं, आम्ही सोबत बसू. त्याच्या बोलण्यातला काळजीचा भाग डॉक्टर आणि समुपदेशकाला कळवणार, ते दोघेही उपचार करणाऱ्या टीमचाच भाग आहेत. केसपेपरच्या कव्हरवर किंवा बेडच्या पाटीवर स्टेटस लिहिलेलं दिसलं तर ते काढायला लावणार.

पाचवा टप्पा, नोंद. कोणाला, किती वाजता, काय कळवलं.

चेक: तुमच्या उत्तरात "मी" हा शब्द चौथ्या टप्प्याच्या आधी आला का? आला असेल तर तुम्ही कायदा न बघताच निर्णय घेतलाय. परत लिहा.

अरुणा शानभाग (हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं केईएम हॉस्पिटलमध्येच अंथरुणाला खिळलेल्या तिथल्याच नर्स) यांच्या केसचं जाताजाता, कारण ती दर वर्षी येते. "कोर्टाने अरुणाला दयामरण दिलं" असं लिहू नका. मार्च २०११ च्या निकालात त्यांच्यासाठीची याचिका फेटाळली गेली. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क याचिका करणाऱ्यांचा नाही, इतकी वर्षं सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं कोर्टाने मानलं, आणि पॅसिव्ह युथनेशियासाठी (जगवून ठेवणारे उपचार थांबवण्यासाठी) मात्र हायकोर्टाच्या परवानगीची वाट घालून दिली. पुढे २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने लिव्हिंग विल (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. नर्सिंगच्या विद्यार्थ्याने यातला केईएमच्या नर्सेसचा भाग तरी सोडू नये.

## पायरी ६: नोट्स लिहायची सवय

कायद्याच्या दृष्टीने जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरलं जायची भीती असते. माझीच चूक सांगते. दुसऱ्या वर्षाला असताना दुपारी २ चे व्हायटल्स मी १.३० लाच लिहून ठेवले, ट्रेन चुकू नये म्हणून. पेशंटला पावणेदोनला आयसीयूत हलवलं. चार्टवर माझ्या अक्षरात २ वाजताचं बीपी, १२०/८०, आणि माणूस त्या बेडवरच नाही. इंचार्ज सिस्टरनी आरडाओरडा केला नाही, फक्त तो कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "हे कोर्टात तू वाचून दाखवशील?" ते वाक्य अजून डोक्यात आहे.

सराव असा करा. आधी नेहमीसारखी नोट लिहा: "पेशंट बरा आहे, छातीत दुखतंय म्हणाला, डॉक्टरांना कळवलं." मग तीच नीट लिहा: "रात्री २.१०, पेशंट म्हणतात, 'छातीत दाबल्यासारखं होतंय'. नाडी ११०, बीपी ९०/६०, सॅच्युरेशन ९१, रूम एअरवर. २.१२ ला ड्युटीवरच्या आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) फोन. फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवली. २.२० ला आरएमओ बेडजवळ." दुसरी नोट वाचली की पेशंटला न पाहिलेल्या माणसालाही चित्र दिसतं.

- चुकलं तर एकच रेघ, वाचता येईल अशी, शेजारी सही, तारीख, वेळ. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही.
- "पेशंट भांडखोर आहे" असं मत लिहू नका, तो काय बोलला ते लिहा.
- इन्सिडंट रिपोर्ट वेगळा असतो. "रिपोर्ट भरला" हे केसपेपरात लिहायचं नाही, काय घडलं आणि काय केलं ते लिहायचं.
- विद्यार्थ्याच्या नोंदीखाली स्टाफची सही घ्या, लाजू नका.

## पायरी ७: पोस्टिंगवर आणि पोस्टिंगच्या बाहेर

मागच्या महिन्यात ठाणे-वाशी ट्रेनमध्ये लेडीज डब्यात दोघी, युनिफॉर्मवर जॅकेट घातलेलं पण खाली बूट सांगतायत. रबाळे गेलं आणि एकीने सुरू केलं, "अगं ती ऐरोलीची, शाळेत टीचर आहे ना, तिचं अबॉर्शन..." नाव नाही घेतलं तिने. पण गाव, नोकरी, आजार, तिन्ही आले, समोरच्या काकू भाजीची पिशवी सावरत कान देऊन ऐकत होत्या, आणि पुढच्याच स्टेशनांवर उतरणाऱ्या कितीतरी बायका ऐरोलीच्या शाळेत पोरं सोडणाऱ्या. घणसोलीला मी उठून त्यांना सांगितलं, एक रडवेली झाली, दुसरी म्हणाली, "पण नाव कुठे घेतलं?" परीक्षेतली चूकही हीच असते, गोपनीयता म्हणजे फक्त नाव लपवणं. एमटीपी कायद्याच्या ५अ कलमात तर नावासोबत "इतर तपशील" असं स्पष्ट आहे. ते कलम डॉक्टरला बांधतं, नर्सला तिचा कोड बांधतो, जिची गोष्ट ट्रेनमध्ये फुटली त्या बाईला त्याने काय फरक पडतो.

रील्सचं सांगायलाच नको. मागे बेड दिसतो, मॉनिटरवर नाव दिसतं, आणि हिला वाटतं आपण फक्त एप्रन दाखवतोय. वॉर्डात फोन बॅगेत, बॅग लॉकरमध्ये.

आणि जे शिकलेलं नाही ते "करून टाक गं" म्हटलं तरी एकटीने करायचं नाही. "सिस्टर, मी हे अजून केलेलं नाही, सोबत थांबाल का?" एवढं बोलता आलं पाहिजे. न येणारं काम अंगावर घेणं हाही निष्काळजीपणाच.

## पायरी ८: शेवटचे सात दिवस

आता व्याख्या. ड्यूटी (कर्तव्य), ब्रीच (त्याचा भंग), कॉझेशन (त्या भंगामुळेच झालं हा संबंध), डॅमेज (नुकसान), निष्काळजीपणाचे चार भाग, प्रत्येकाला तुमच्या दहा प्रसंगांतलं एक उदाहरण. दिवस एक आणि दोन: कार्डं. तीन, चार: दहाही प्रसंग पाच टप्प्यांत, वेळ लावून. पाच: दोन्ही कोड, पाठ न करता, फक्त मुद्दे. सहा: जुन्या प्रश्नपत्रिका, आणि जुन्या उत्तरातली कलमं नव्या नंबरांनी बदलून. सातव्या दिवशी एकीने पेशंटचं काम करायचं, एकीने नातेवाइकाचं, एकीने नर्सचं, आणि बाकीच्यांनी फक्त चुका लिहायच्या. आमच्याकडे त्या एकुलत्या एका मुलाला नेहमी सासूचं काम मिळतं, आणि सासू अशी वाद घालते की नर्स झालेलीला कलम ९ आठवतंच.

पेपरात मोठ्या प्रश्नाला पहिली पाच ओळींची जागा प्रसंगाला द्या, मग व्याख्या. कलमाचा नंबर आठवला नाही तर चुकीचा ठोकू नका, कायद्याचं नाव आणि साल लिहा, नंबर सोडा. चुकीचा नंबर लगेच डोळ्यात भरतो, सुटलेला नंबर बऱ्याचदा कोणाला दिसतही नाही.